तहानलेले कातडे

२९ मे

मेलिसने गाडी आणली. काळी, उंच, फाटकातून आत घेताना तिचे आरसे मिटून घ्यावे लागले. अख्खी गल्ली जमली. म्हाताऱ्यांनी तळहात वर करून दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवून 'ओमीन' म्हटले. बायकांनी टपावर गोळ्या-चॉकलेटे उधळली. मग मेलिसने दार उघडले आणि सगळे एकदम गप्प झाले. आत सगळीकडे साईच्या रंगाचे कातडे. कुरणावरचा एखादा ढग कापून, शिवून, आत बसवल्यासारखे.

"हात लावू नका," मेलिस म्हणाला. मग माणसे नुसता वास घेऊन मागे सरली.

माझा जुना मित्र बेइशेन शेजारी उभा होता. त्याने सामुदायिक शेतावर जन्मभर ट्रक चालवला; त्याच्या सीटमधून स्प्रिंगा बाहेर आलेल्या असत. माझ्या कानाला लागून म्हणाला, "शायर, तुझ्या पोरानं बसायची वस्तू आणली का बघायची?"

मी दारातून नाक आत घातले होते. कातडे! वडिलांचे खोगीर, पहाटेचे दव, नारिन नदीचा आवाज, सगळे एका श्वासात परत आले. डोळे भरून आले. मेलिस म्हणाला, "अता, थेंब पडेल. मागं व्हा."

मी त्याचा अता, म्हणजे बाप; मेलिस हे नाव मीच ठेवले होते. लाल झेंड्याच्या चार थोर पुरुषांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून. त्या चौघांचेही दिवस सरले. मेलिस मात्र जिल्हा कचेरीत उपप्रमुख आहे.

१ जून

गाडीचे नियम जाहीर झाले. जीन्स घालून बसायचे नाही, निळा रंग कातड्याला लागतो. पट्ट्याचे बक्कल, मागच्या खिशातली किल्ली, खाणे, पिणे, ओला कुत्रा, ओला माणूस, सगळे मना. मेलिस स्वतः एक चादर अंथरून तिच्यावर बसतो.

जिपार, माझी सून, दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असते, त्यामुळे संध्याकाळी तिची जीभ जरा मोकळी होते. म्हणाली, "मग मी गाडीमागून चालत येत जाते. कातड्याला त्रास नको."

मेलिसने ते ऐकले नाही. त्याला भलतेच सुचले होते. आमच्या डोंगरातले ऊन कडक. उन्हाने कातडे तडकते, म्हणून गॅरेज हवे. आणि गॅरेजला अंगणात जागा एकच, गोठ्याची.

"आणि तोरू?" मी विचारले.

"अता, ती घोडी म्हातारी झालीय. दूध देत नाही, ओझं वाहत नाही."

"मीही देत नाही," मी म्हणालो.

जिपारने चहाची पेली तोंडाला लावली, पण तिचे खांदे हलताना दिसले.

मी जेवलो नाही. त्या गोठ्यात मी रोज संध्याकाळी तोरूला कविता म्हणून दाखवतो. शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून माझा तोच एक वर्ग. आणि तोरू मध्येच लघवीला जाण्याची परवानगी मागत नाही.

रात्री मेलिस आला. बापाचे न जेवणे त्याला लागते, एवढे मानलेच पाहिजे. तह असा ठरला: जुलैच्या सुरुवातीला बिश्केकहून व्याही येणार, माझ्या नातीच्या, आइपेरीच्या, कानात कर्णफुले घालायला, म्हणजे लग्न पक्के करायला. तोपर्यंत सीटची सगळी जबाबदारी माझी. त्या दिवशी सीट आजच्यासारख्या दिसल्या तर गोठा राहील. डाग, चरा, भेग, काहीही सापडले तर गोठा पडेल आणि तोरू बाजारात जाईल.

"कबूल," मी म्हणालो. खोगिरे सांभाळत वाढलेल्या माणसाला कातड्याची भीती!

३ जून

मेलिसने एक परदेशी बाटली आणून दिली आहे. तिच्यावर न वाचता येणारी अक्षरे आणि एका हसऱ्या बाईचे चित्र. मी ती शेल्फवर ठेवली. कातड्याशी त्या बाईचा काय संबंध?

आमच्या घरात कातड्याला एकच गोष्ट मिळत आली: मेंढीच्या शेपटाची चरबी. मंद आचेवर वितळवायची, फडक्यातून गाळायची, कोमट असताना अंगठ्याने चोळायची आणि रात्रभर ठेवायची. वडील म्हणत, कातडे हे मेलेले जनावर नव्हे, तहानलेले जनावर आहे. रात्री माणसे झोपली की ते पिते.

बेइशेनकडून ताजे शेपूट आणले. अंधार पडल्यावर सगळ्या सीटना चरबी चोळली. मध्यभागी बारीक बारीक भोके आहेत, दाट, रांगेने. जवळून पाहिले तर ती तोंडे आहेत. इतकी तोंडे, आणि कोणी आजवर घासभर चरबी दिली नाही! प्रत्येक तोंडात अंगठ्याने भरवली.

दोन ओळी सुचल्या:

पाजिले ज्यांनी तुला ते हात गेले दूर का?
ये, अरे वत्सा, उघड मुख. मी उभा येथे असा.

दुसऱ्या ओळीत यमक जमले नाही. भावना जमली आहे.

४ जून

सकाळी धावत गेलो. सगळे प्यायले! एक थेंब वर नाही. सीट कोरड्या, मऊ, स्वच्छ. भोकेसुद्धा रिकामी. मी जिपारला हाक मारून दाखवले. ती नुकतीच उठली असावी. डोळे लाल, बाह्या कोपरापर्यंत वर.

"पाहिलंस? रात्रीत प्यायलं."

"पाहिलं अता," ती म्हणाली. "चांगलंच तहानलेलं होतं म्हणायचं."

९ जून

रोज पाजतो आहे, रोज पिते आहे. मेलिस सकाळी चहानंतर तपासणीला येतो, सीटवरून एक बोट फिरवतो, बोट हुंगतो आणि काही न बोलता कचेरीत जातो. न बोलणे ही त्याची शाबासकी.

घरात मात्र बारीकसारीक गोष्टी नाहीशा होत आहेत. दात कोरायच्या काड्यांचा डबा भरलेला होता, रिकामा झाला. माझा निळ्या चौकड्यांचा जुना फ्लॅनेलचा शर्ट सापडत नाही. न्हाणीघरात बाळांना अंघोळ घालायच्या साबणाची बाटली आली आहे. या घरात बाळ नाही. मी जिपारला बाजूला घेऊन हळूच विचारले, काही गोड बातमी आहे का? ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. चव्वेचाळिसाव्या वर्षी बायका अशा प्रश्नावर लाजतात, हे मला माहीत नव्हते.

हसून झाल्यावर म्हणाली, "अता, चरबी जरा कमी लावा की."

"का?"

"हे खोगिरासारखं कातडं नाही हो. वरून रंगाचा पातळ थर आहे, नखावरच्या पॉलिशसारखा. चरबी आत जात नाही, वरच बसते. याला नुसती धूळ झाडायची, कधीतरी साबणाच्या फेसानं पुसायचं आणि उन्हापासून जपायचं. झालं."

"आत जात नाही तर रोज सकाळी जाते कुठे?"

यावर ती वर केलेल्या बाह्या खाली ओढू लागली. औषधाच्या दुकानातले ज्ञान बाटलीवरच्या चिठ्ठीएवढेच असते. पण मुलगी मनाने चांगली. मी म्हणालो, "बरं, थोडी कमी लावीन." आणि कमी लावली नाही.

तोरूची थोडी काळजी वाटते. संध्याकाळी गोठ्यात गेलो की तिच्या श्वासाला धुराचा वास येतो. धूर आणि पुदिना. वडिलांच्या घोड्याला म्हातारपणी खोकला झाला होता, पण धूर नव्हता.

१४ जून

बेइशेन आला. दार उघडून त्याला आत बसवले. नियम मोडला, पण मित्र आहे, आणि विजार सुती होती. त्याने नाक वर करून हुंगले, खाली वाकून हुंगले, सीटच्या फटीत नाक घालून हुंगले.

"मेंढीचा वास कुठाय?"

"प्यायलं सगळं."

"शायर, अख्खं शेपूट दिलं मी तुला. पुलावात घातलं असतं तर तीन दिवस घराला वास राहिला असता. तू चरबी गाडीला लावतोस का गाडीच्या स्वप्नाला?"

"ज्याला तहान माहीत नाही त्याला पिणं काय कळणार!"

"मला तहान माहीत आहे," बेइशेन म्हणाला. "काढ काही असेल तर."

१८ जून

संकट. मागच्या सीटवर, डोके टेकायच्या जागी, रंग उडाला आहे. बोराएवढा पांढुरका डाग, चंद्रासारखा. उन्हाचे काम. मेलिस दोन दिवस बैठकीत आहे म्हणून अजून त्याने पाहिलेला नाही.

जिपारला बोलावून दाखवले. वाटले होते ती घाबरेल, पण ती स्वतःच्या कपाळावर हात मारून पुटपुटली, "स्पिरिटनं पुसायला नको होतं." मी म्हणालो, कुणी पुसलं? ती म्हणाली, "कुणी नाही हो. सहज सांगते. स्पिरिट, व्हिनेगर असलं काही या कातड्याला लावू नये, रंग उतरतो. आणि काही नवीन लावायचं झालं तर आधी सीटच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे लावून बघावं."

बाई, मी कशाला स्पिरिट लावीन? मी तर पाजतो आहे.

रात्री तिने नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक छोटी उशी शिवली, मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीची, आणि नेमकी त्या चंद्रावर बांधली. दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे संशय नको. मेलिसने पाहिले आणि तो खूश झाला. "व्याह्यांना आवडेल. राष्ट्रीय नक्षी."

कित्येक राष्ट्रीय गोष्टींच्या खाली असा एखादा डाग असेल, असे मनात आले. पण मी उपप्रमुखाचा बाप आहे.

२४ जून

दुपारचे ऊन असह्य. गोठ्याच्या खांबापासून कुंपणापर्यंत दोरी बांधली, तिच्यावर कांबळी टाकल्या आणि गाडीला तंबू केला. सावलीत गाडी, सावलीत तोरू, मध्ये मी. दोघींना मोठ्याने कविता वाचून दाखवली. तोरूने शेवटी मान हलवली. गाडीनेही एकदा 'टिक' केले.

२७ जून

जिपार बिश्केकला गेली. कपडे, मिठाई, आहेर, सगळी खरेदी आहे. तिथे राहणाऱ्या आइपेरीला घेऊन व्याह्यांच्या गाडीतूनच परतेल. मेलिसही कचेरीच्या जीपने लांबच्या खोऱ्यात तपासणीला गेला आहे. घरी मी, तोरू आणि गाडी.

निघताना जिपारने माझे दोन्ही हात धरले. "अता, शब्द द्या. मी येईपर्यंत चरबी लावणार नाही."

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

मी शब्द दिला. पण रात्री विचार केला, शब्द माझ्याकडून घेतला. कातड्याला कोणी विचारले? महिनाभर रोज पाजून ऐन समारंभाच्या तोंडावर उपाशी ठेवायचे? हे वासराशीही कोणी करत नाही. थोडीशी लावली.

२८ जून

कातडे प्यायले नाही.

सकाळी पाहतो तो चरबी जशीच्या तशी. पांढरी, गोठलेली, माझ्या अंगठ्याचे ठसेसुद्धा तसेच. भोके बंद. वाटले, कमी पडली म्हणून रुसले असेल. आज भरपूर लावली, कोमट करून.

२९ जून

आजही नाही. उलट सगळे वर तरंगते आहे. भूक मेली की काय? आणखी एक थर दिला. आजाऱ्याला नको म्हणाला तरी भरवावे लागते.

शेजारचा कुत्रा सकाळपासून गाडीच्या दाराशी बसून आहे. हाकलले तरी जात नाही. मुके जनावर पहारा करते आहे आणि माणसे म्हणतात निष्ठा संपली.

३० जून

बेइशेन येऊन पाहून गेला. या वेळी त्याला हुंगावे लागले नाही, फाटकातच म्हणाला, "हां, आता मेंढी आली!" मग सीटकडे पाहून टोपी काढली. "शायर, हिच्यात बटाटे टाकले की जेवण तयार."

"ती आजारी आहे."

"तिला दारू पाज."

"स्पिरिट लावू नये," मी म्हणालो. एवढे मी जिपारकडून शिकलो आहे.

संध्याकाळी गोठ्यात गेलो तर तोरूही मलूल. मान खाली, कवितेकडे लक्ष नाही. आणि तिच्या श्वासाला तो धुराचा वास अजिबात नाही. तेव्हा लख्ख उलगडा झाला. जिपार गेल्यापासून दोघींनी अन्नपाणी सोडले आहे. मुक्या चामड्याला, मुक्या घोडीला घराची लक्ष्मी कळते. तिच्या नवऱ्याला कळत नाही. डोळ्यांत पाणी आले. त्याच भरात उरलेली चरबीही लावून टाकली.

२ जुलै

आज फार मोठा दिवस होता. 

सकाळी व्याही आले. कादिरकुल, सीमाशुल्क खात्यातले मोठे अधिकारी. शरीरही हुद्द्याला शोभेल असे. विहीणबाई ग्युलबारा, नखशिखांत पांढऱ्या. पांढरा कोट, पांढरी विजार. त्यांचा मुलगा सडपातळ, त्याला कोणी नीट पाहिले नाही. आमची आइपेरी त्याच्याकडे पाहत होती, तेवढे पुरे.

कर्णफुलांचा सोहळा वरच्या कुरणावर, पुतण्याच्या नमद्याच्या तंबूत ठरला होता. व्याह्यांची गाडी बुटकी, ती चढणार नाही. म्हणजे आमची गाडी. मेलिस रात्री उशिरा परतला होता, नवा सूट घालून थेट दाराशी उभा राहिला. पण त्याच्या आधी जिपार तिथे पोचली. तिने दार उघडले, सीटवर एक बोट टेकले, बोटाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"अता!"

एवढेच. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी कोणा विद्यार्थ्याचे नाव इतक्या अर्थपूर्ण रीतीने उच्चारू शकलो नाही.

ती घरात धावली आणि सगळ्यात मोठा शिरदाक खांद्यावर टाकून आणला, पाहुण्यांच्या खोलीतला जाड नमदा. सीटवर टाकणार तोच मेलिसने धरला.

"हे काय?"

"थंडी आहे. विहीणबाईंना ऊब मिळेल."

"नमदा टाकून कातडं झाकायचं? मग गाडी कशाला घेतली मी? टांगा घेतला असता!"

"मेलिस, ऐक माझं—"

"पाहुण्यांसमोर वाद नको," मेलिस हसून, दात न उघडता म्हणाला. नमदा परत गेला.

सकाळची हवा गार होती. चरबी घट्ट बसली होती आणि सीट आरशासारख्या चमकत होत्या. कादिरकुल म्हणाले, "वा! माझ्या गाडीचं कातडं तर दोन वर्षांत गेलं. काय लावता?" मेलिस म्हणाला, "वडील बघतात ते." मी तोंड उघडले. जिपारचा तोल गेला आणि तिची टाच माझ्या पावलावर पडली. बिचारी प्रवासाने थकली होती.

मी वयाने मोठा म्हणून पुढे. मागे व्याही, विहीण आणि कडेला दाराचे हँडल घट्ट धरून जिपार. आइपेरी आणि मुलगा बेइशेनच्या ट्रकमध्ये, दोघे फार आनंदात. घाट सुरू झाला. उजव्या वळणाला व्याही अख्ख्या सीटवरून घसरत विहीणबाईंवर गेले. डाव्या वळणाला विहीणबाई व्याह्यांवर आल्या. पुन्हा उजवे वळण. आमच्या घाटाला वळणांची कमतरता नाही.

"अहो, नीट बसा की!" विहीणबाई म्हणाल्या.

"मी बसलोच आहे. सीटच मला बसू देत नाही," कादिरकुल म्हणाले. "असू दे गं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, इतक्या जवळ आलो नव्हतो."

वर सगळे यथासांग झाले. विहीणबाईंनी आइपेरीच्या कानात फुले घातली, बायकांनी डोळे टिपले. मेंढी कापली होती. मुंडके व्याह्यांना, मानाप्रमाणे ज्याचे त्याला हाड. आणि निघताना रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या हातात केशिक: पानातले उरलेले मांस, चरबी, तळलेले पाव, सगळे पिशवीत बांधून, घरच्यांसाठी. विहीणबाईंना मोठी पिशवी, सन्मानाची. त्यांनी ती मांडीवर घेतली. मेलिसच्या नियमांत खाणे मना होते, पण विहिणीला केशिक मांडीवरून काढा म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

परतताना दुपार झाली होती. धुळीमुळे काचा बंद. ऊन काचांतून थेट आत. थोड्याच वेळात गाडीत वास दरवळू लागला. विहीणबाईंनी पिशवीकडे पाहिले. व्याह्यांनीही पिशवीकडे पाहिले. मेलिसने आरशातून पिशवीकडे पाहिले. मी नदीकडे पाहत होतो. सुंदर दिसत होती.

अंगणात उतरलो. विहीणबाई वळल्या आणि सगळ्यांना त्यांची पाठमोरी विजार दिसली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत पिवळी, पारदर्शक. सीटवर दोन रुंद तळी चकाकत होती. त्या डबक्यांत आभाळाचा तुकडाही दिसत होता; एरवी मी यावर लिहिले असते. पण मनात मला फक्त गोठा दिसत होता, आणि रिकाम्या दावणीजवळ वाळूची चाळण घेऊन उभा असलेला गवंडी.

विहीणबाई लालबुंद झाल्या. "अगं बाई गं! माझीच पिशवी गळली. तुमची नवी कोरी गाडी... आता काय करू मी!"

मेलिसचा जबडा खाली आला होता. त्याने सीटला बोट लावले, हुंगले, पिशवीकडे पाहिले. पिशवी कोरडी होती. मग हळूहळू त्याची मान माझ्याकडे वळू लागली.

"असू द्या हो विहीणबाई!" जिपार मोठ्याने म्हणाली आणि तिने ती पिशवी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. "केशिक म्हटलं की गळणारच. न गळणारं केशिक कुठल्या कंजूष घरचं? आत जा, माझी नवी सलवार घाला. मेलिस, गाडी त्या गोठ्याच्या सावलीत घे. उन्हात पुसलं तर डाग बसतो."

मेलिस विहिणीसमोर काय बोलणार? त्याने गाडी गोठ्याच्या सावलीत घेतली.

मग जिपारने बाह्या वर केल्या. आधी सगळी चरबी कोरड्या फडक्याने टिपून घेतली, चोळली नाही. मग एका भांड्यात बाळांच्या त्या साबणाचा फेस केला, इतका दाट की पाणी दिसेना. मऊ ब्रशने हलक्या हाताने गोल गोल. भोकांवर फडके फक्त टेकवायचे, भोकांत पाणी जाता कामा नये. भोके काडीने. मग ओलसर फडके, मग कोरडे. फडके निळ्या चौकड्यांचे होते. कादिरकुल शेजारी उभे राहून पाहत होते. म्हणाले, "हात कसा बसलाय तुमचा! रोज करता वाटतं?"

"छे हो," जिपार म्हणाली, "आज पहिल्यांदाच."

कातडे हळूहळू पुन्हा साईसारखे झाले. फेसाला वेळ देताना तिने अंग मोकळे केले आणि सहज म्हणाली, "बरं झालं हा गोठा आहे. सावली नसती तर कातडं गेलंच असतं."

"गोठा? म्हणजे घोडी आहे?" कादिरकुल आत डोकावले. तोरूने त्यांच्याकडे असे पाहिले जसे मी परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाकडे पाहत असे. पण ते विरघळले. "अहो, आमच्या खात्यात सगळ्या साहेबांचे फोटो घोड्यावर बसलेले. माझाच एकट्याचा खुर्चीवर!"

त्यांना तोरूवर बसवायला बेइशेन, नवरा मुलगा आणि मी लागलो. तोरू एकदा कण्हली, मग तिने ते सहन केले. फोटो निघाले. कादिरकुल वरूनच म्हणाले, "मेलिस, असं घर हवं. गाडीही आणि घोडीही. नशीबवान आहेस."

"मेलिस काय सांगत होता माहितीय का," जिपारने फडके पिळत सुरुवात केली, "हा गोठा म्हणे—"

"दुरुस्त करायचाय!" मेलिस ओरडलाच. "नवं छप्पर घालायचंय. पत्र्याचं. उन्हाळा संपायच्या आत."

सगळ्यांनी हात वर केले. ओमीन. व्याह्यांसमोर दिलेला शब्द.

५ जुलै

पत्रे आले.

मेलिस रात्री माझ्या खोलीत आला, खाटेच्या कडेला बसला. लहानपणी पाढे विसरला की असाच बसायचा.

"अता, तुम्ही महिनाभर त्या गाडीला मेंढीची चरबी लावत होता?"

"रोज."

"आणि मला सकाळी काहीच दिसत नव्हतं."

"रात्रीत पीत असे. जिपार गेली आणि प्यायचं थांबलं. तिच्यावर जीव आहे कातड्याचा."

मेलिसने माझ्याकडे पाहिले. मग दाराबाहेर, स्वयंपाकघराकडे, जिथे जिपार भांडी आवरत होती. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तो उठला, जाताना म्हणाला, "हो. असणार." आणि थोड्या वेळाने मला स्वयंपाकघरातून दोघांचे हसणे ऐकू आले. गाडी आल्यापासून तो पहिल्यांदाच मनापासून हसला.

७ जुलै

कातडे बरे झाले आहे, आणि जिपारही घरी आहे. म्हणून काल बेइशेनकडून ताजे शेपूट आणून पुन्हा थोडीशी चरबी दिली.

पहाटे जाग आली. नदीचा आवाज मोठा होता. खिडकीशी जाऊन उभा राहिलो. अंगणात गाडीची चारही दारे उघडी. आतल्या दिव्यात माझा शर्ट हलत होता, निळ्या चौकड्यांचा.

मी खिडकीपासून बाजूला झालो आणि परत येऊन पडलो. झोप लागली नाही. एक महिना मोजून पाहिला, मग मोजणे सोडले.

सकाळी ती चहा घेऊन आली. हातांची सालपटे निघालेली. "प्यायलं का बघितलंत?" तिने नेहमीसारखे विचारले.

"बघितलं," मी म्हणालो. "सगळं प्यायलं. जिपार, मला वाटतं त्याची तहान भागली आता. पुरे."

"भागली?"

"भागली. आता नुसती धूळ झाडायची. कधीतरी फेस. आणि सावली."

ती दारातच थांबली. "आणि उरलेली चरबी?"

"वडिलांच्या खोगिराला लावतो. ते खरंच पितं."

ती गेली. चहात आज साखर जास्त होती.

मग खोगीर काढून दिवसभर चोळले. संध्याकाळी गोठ्यात गेलो. नव्या छपराखाली तोरू ताठ उभी. श्वासाला पुन्हा धूर आणि पुदिना. गवत आता फार वाळले आहे, ठिणगी पडली तर छप्पर पत्र्याचे असून उपयोग नाही. म्हणून एक रिकामा डबा शोधला, मेलिसच्या त्या हसऱ्या बाईच्या बाटलीबरोबर आलेला. तो गवतापासून दूर, दावणीच्या पलीकडे, बाईमाणसाला बसता येईल अशा ठोकळ्याजवळ ठेवून आलो.

८ जुलै

सकाळी गोठा झाडायला गेलो. डब्यात थोडी राख होती.

तोरू मोठी समजूतदार घोडी आहे.